मुरलीकाकांचा राजीनामा

पुणे
३ नोव्हेंबर २०२५

चि. रसिका,

पत्र उघडण्याआधी पाकिटाची मागची बाजू बघितलीस का? नसेल तर आता बघ. मी डिंक लावून वर टेपची पट्टी मारली आहे. पट्टी सुरकुतलेली दिसली तर कळव.

काका फोन का करत नाहीत, असं तू म्हणशील. फोनवर मला माणसांचा आवाज येतो, शब्द येत नाहीत. मेसेज करावा तर वैभवी माझा फोन चार्जिंगला लावते आणि लावता लावता वाचते. पोटची मुलगी आहे, पण तिचंही म्हणणं 'बाबा, भरून टाका ना तो टॅक्स' असंच. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी तिच्या ताब्यात आहे आणि डॉक्टर डिसेंबर संपेपर्यंत प्रवास करू देत नाहीत.

तर काम असं. येत्या रविवारी आमच्या फरीदाबादच्या कॉलनीत सभा आहे. फाटकाशेजारच्या सरकारी शाळेला नवं छप्पर, मुलींची स्वच्छतागृहं आणि प्रयोगशाळा हवी आहे. ते झालं तर तिथे पुढच्या वर्षी अकरावी सायन्स सुरू होणार. त्यासाठी कॉलनीच्या घरपट्टीवर तीन वर्षं जादा कर बसवायचा प्रस्ताव आहे. अट एकच : कॉलनीच्या समितीत एकमत हवं. समितीत आम्ही सात जण. पाच बाजूने, विरोधात मी आणि विनायक सबनीस.

शाळा नको असं मी म्हणत नाही. छप्पर गळतं, हे मी पाहिलंय. पण मागे पार्कात कारंजं करायचं म्हणून असेच सगळ्यांकडून पैसे घेतले. कारंजं आहे, पाणी नाही. शिवाय कर हा काही पाहुणा नव्हे, तीन वर्षांनी उठून जायला. आणि आमचे अध्यक्ष हरीश, त्यांचा मेहुणा बल्लभगढला टाइल्स विकतो. गळतंय छप्पर आणि चर्चा चालली आहे टाइल्सची. तू शहाणी आहेस, जास्त लिहीत नाही.

माझ्या जागी तू जाऊन बस. बोलू नकोस, फक्त ऐक. तिथे विनायक सोडून कोणावरही विश्वास ठेवू नकोस. पार्कातल्या एका बाकावर आम्ही दोघं इतकी वर्षं बसतोय की दुसरं कोणी बसलं तर माळीच उठवतो.

विजेच्या मीटरसाठी सह्या केलेले दोन कोरे कागद तुझ्याकडे ठेवले आहेत, ते कुलपात आहेत ना?

मुरलीकाका


सरोजिनी नगर, नवी दिल्ली
१० नोव्हेंबर २०२५

ती. मुरलीकाका,

पट्टी सुरकुतलेली नव्हती. कागद कुलपात आहेत. गुडघा कसा आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

काल गेले होते. लाजपत नगरला मेट्रो बदलली आणि फरीदाबादला उतरले तेव्हा हवा इतकी खराब होती की समोरचा रिक्षावाला आधी ऐकू आला, मग दिसला. सभा शाळेच्याच व्हरांड्यात होती. तुम्ही म्हणता ते छप्पर मी डोक्यावर घेऊन बसले होते. एका वर्गाला दाराऐवजी ताडपत्री आहे.

तुम्ही गप्प बस म्हणालात, पण एकदा बोलावं लागलं. मागे ऐकू येत नव्हतं म्हणून मी उभी राहून म्हटलं, "मेरी एक तक्रार है।" हरीशजी हात जोडून म्हणाले, "बहन जी, तकरार काहे की? प्यार से बात करो।" मागून मला समजलं की इकडे तक्रार म्हणजे भांडण. वर्षभर दिल्लीत राहून माझं हिंदी बरंच सुधारलंय, बाजारात कुडता निम्म्या भावात आणते, पण मध्येच असा एखादा खड्डा लागतो.

एक जाड चष्म्याचे गृहस्थ म्हणाले, "मेरे बच्चे तो कनाडा में हैं जी, मैं स्कूल का पैसा क्यों दूँ?" त्यावर हरीशजी म्हणाले, "तो गली की लाइट भी मत जलाओ अंकल, वो भी कनाडा तक नहीं जाती।" खूप हसले सगळे. काका, खरं सांगू का? माणूस मला तितका वाईट नाही वाटला. पण तुम्ही जास्त ओळखता.

आता महत्त्वाचं. शेवटी हरीशजींनी जाहीर केलं, "विनायक जी ने राजीनामा कर लिया है।" म्हणजे विनायककाकांनी समितीचा राजीनामा दिला! मला विश्वासच बसेना. आणि लोकांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या. विनायककाका खाली मान घालून बसले होते, सभा संपायच्या आत निघूनही गेले. मला त्यांच्याशी बोलता आलं नाही.

अजून एक. त्यांची नात शिवांगी, गणपतीत तुमच्याकडे भेटली होती ती, तिथे चहा देत होती. अंगात त्याच शाळेचा गणवेश, दोन वेण्या, लाल रिबिनी. मी हात केला तर दाराआड गेली.

तुमची,
रसिका


पुणे
१४ नोव्हेंबर २०२५

चि. रसिका,

तुझं पत्र वाचून मी बिनाकाठीचा उठलो. वैभवी ओरडली.

विनायक वाटतो तेवढा साधा नाही! तुला यातली खोच कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्या नियमाप्रमाणे समितीतले दोन सभासद गेले की समिती बरखास्त होते. मग नवी निवडणूक. ती होईपर्यंत एकमत कसलं आणि कर कसला! मी गेले चार महिने या नियमाकडे बघतोय आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्याने आपला राजीनामा दिला आणि माझ्या राजीनाम्याची वाट बघत गप्प बसला. मान खाली घातली म्हणतेस, ती हसू लपवायला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या त्याचं आश्चर्य नाही. काटा निघाला असं वाटलं त्यांना.

शिवांगीचं मात्र मला आवडलं नाही. ती मोठ्या कॉन्व्हेंटमध्ये जाते. प्रवेश मिळाला तेव्हाचे पेढे मी खाल्लेत. सभेत शाळेतली म्हणून चांगल्या घरची मुलगी दाखवायला हरीशने तिला तो गणवेश चढवला असणार. पोरगी लाजली, लपली. विनायकला हे माहीत तरी आहे की नाही, कोण जाणे.

आता लगेच एक कर. त्या दोन कोऱ्या कागदांपैकी एकावर माझा समितीचा राजीनामा लिही. मी इथून पोस्टाने पाठवला तर हरीश 'मिला ही नहीं' म्हणेल. मराठीत लिहिलास तर 'समझ में नहीं आया' म्हणेल. म्हणून हिंदीत लिही आणि हातात दे. कारणं देऊ नकोस, कारणांत माणूस सापडतो. विनायकच्या पाठोपाठ जातोय एवढं स्पष्ट येऊ दे. आधी विनायकला दाखव, मग हरीशला दे. पोच घे.

मुरलीकाका


सरोजिनी नगर
२३ नोव्हेंबर २०२५

ती. मुरलीकाका,

काम झालं. काल शनिवारी जाऊन आले. मजकूर असा लिहिला :

'अध्यक्ष महोदय, विषय : राजीनामा। मैं, मुरलीधर पेंढारकर, कॉलोनी की समिति से राजीनामा कर रहा हूँ। विनायक जी ने जो किया है, सोच-समझकर किया है। मैं उनके साथ हूँ।'

खाली तुमची सही होतीच. अक्षर माझ्या मानाने फार चांगलं आलंय.

आधी विनायककाकांकडे गेले. त्यांनी दारातच उभं राहून वाचलं. मग चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत वाचलं. म्हणाले, "मुरलीने लिहायला सांगितलं हे? स्वतःहून?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मला वाटलं होतं, तो आता माझं तोंड बघणार नाही." मग आत वळून त्यांनी सूनबाईंना हाक मारली आणि मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. घरात काहीतरी बदललंय असं वाटलं. कारखाना शनिवारीही चालतो, तरी शिवांगीचे बाबा श्रीरंगदादा भर दुपारी घरी होते. मी विचारलं, "सुट्टी का?" तर ते हसले आणि पाणी प्यायला आत गेले.

हरीशजींनी कागद वाचला आणि खुर्चीतून उठलेच. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटी, तेरे चाचा ने तो कमाल कर दिया।" पोच मागितली तर त्यांनी तिच्यावर सहीही केली आणि शिक्काही मारला. वर विचारलं, "दो ठप्पे लगा दूँ?"

काका, तुम्ही सांगितलं तसंच केलं, पण मला थोडं विचित्र वाटतंय. समिती मोडली तर या माणसाला एवढा आनंद कशाचा?

रसिका


पुणे
२९ नोव्हेंबर २०२५

चि. रसिका,

विचित्र तुला आता वाटायला लागलं? मला तर झोप नाही.

परवा इथे कुरिअर आलं. आत गजकचा, म्हणजे तिकडच्या तिळाच्या चिक्कीचा डबा, वर चिठ्ठी : 'आदरणीय पेंढारकर जी को पूरी कॉलोनी की ओर से।' डबा मी उघडू दिला नाही. वैभवीने माझ्यादेखत उघडला आणि खाल्ला. तिला अजून काही झालेलं नाही.

काल हरीशने तिला फोन केला. तिने मला कानाशी तोंड आणून सांगितलं : अंकलजींचं मन मोठं आहे, पोरी नाव घेतील, प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला अंकलजींना खुर्ची पहिल्या रांगेत. कसलं उद्घाटन? समिती मोडली, निवडणूक व्हायची, आणि हा खुर्च्या मांडतोय!

मी सगळ्या बाजूंनी विचार केला. एक तर हरीशने आपले राजीनामे दाबून ठेवलेत. किंवा तुझ्या कागदावर मागाहून काही लिहिलंय. सहीच्या वर तू जागा सोडली होतीस का? तिसरी शक्यता मला लिहायचीही नव्हती. विनायकचा पंधरा दिवसांत एक शब्द नाही. श्रीरंग भर दुपारी घरी, गडबड दिसते, आणि नात त्या शाळेच्या गणवेशात. हरीशने त्यांना कशाने तरी बांधलंय. श्रीरंगला टाइल्सच्या धंद्यात भागीदारी? माझ्या बाकावर बसून तो माणूस मला फसवत होता का, एवढं एकच मला हवंय. कराचं मग बघू.

सरळ विनायकला गाठ. कॉलनीत नको. आणि जे असेल ते लिही, माझ्या तब्येतीचा विचार करून गाळू नकोस.

मुरलीकाका


सरोजिनी नगर
४ डिसेंबर २०२५

ती. मुरलीकाका,

बसून वाचा. काठी जवळ ठेवा.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी ऑफिसात साधना मॅडम आल्या. त्या आमच्याच ऑफिसातल्या, फरीदाबादच्या पुढच्या पलवलच्या. त्यांच्या दिराचं शेजाऱ्याशी भिंतीवरून वर्षभर भांडण चाललं होतं. डबा उघडता उघडता म्हणाल्या, "चलो, कल राजीनामा हो गया।" मी म्हटलं, "अरे बापरे, कुणी नोकरी सोडली?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "नौकरी नहीं यार, झगड़ा छोड़ा। राजीनामा मतलब दोनों राज़ी।"

काका, इकडे राजीनामा म्हणजे समझोता. तडजोड. नोकरी-पद सोडणं म्हणजे इस्तीफा. विनायककाकांनी समिती सोडलीच नव्हती, त्यांनी विरोध सोडला होता. आणि मी तुमच्या सहीच्या वर लिहून दिलंय की 'समितीशी माझी तडजोड झाली आहे, विनायकजींनी विचार करून केलं, मी त्यांच्याबरोबर आहे.' 'समिति से' असं मी लिहिलं ते 'समितीतून' म्हणून. त्यांनी वाचलं 'समितीशी'. कागदात कोणी काही घुसवलेलं नाही. सगळं माझ्याच अक्षरात आहे.

मी डबा तसाच बंद केला. तक्रारीच्या वेळी ठेच लागली होती, तरी शहाणी झाले नाही.

रविवारपर्यंत थांबवेना म्हणून विनायककाकांना मंगळवारी संध्याकाळी बोलावलं. कॉलनीत नको म्हणून कोपर्निकस मार्गावर, महाराष्ट्र सदनाच्या कॅन्टीनमध्ये. ते मास्क लावून आले होते, मीही. दोन चोर भेटावेत तसे आम्ही भेटलो. मी सगळं सांगितलं. ते आधी हसले. मग हसणं थांबलं आणि त्यांनी थालीपीठाची बशी बाजूला सारली.

त्यांनी जे सांगितलं ते तसंच लिहिते. श्रीरंगदादांच्या कारखान्यातलं त्यांचं खातं मार्चमध्ये बंद झालं आणि नोकरी गेली. कॉन्व्हेंटची फी झेपेना, म्हणून एप्रिलपासून शिवांगी त्या सरकारी शाळेत आहे. गणवेश तिचाच आहे, काका. ती दहावीत आहे. अकरावी सायन्स तिथे सुरू झालं नाही तर सर्वात जवळच्या सायन्सच्या शाळेत शेअर रिक्षा दोन ठिकाणी बदलून जावं लागतं. तिने आत्ताच सांगून ठेवलंय, "मग मी आर्ट्सच घेते आजोबा, मला आवडतं." तिला आवडत नाही.

मी विचारलं, "मग तुम्ही इतके महिने विरोधात का होतात?"

ते म्हणाले, "मुरली विरोधात होता म्हणून. बाकावर एकट्याने बसायचं वय नाही राहिलं गं." आणि मग, "सांगायचं रोज ठरवायचो. पण तो आल्या आल्या त्या शाळेवरच सुरू व्हायचा. तिथे जातात कोणाची मुलं, असं म्हणायचा. मग कुठून सांगणार?"

ते म्हणाले, मुरलीला खरं कळव. त्याने सही मागे घेतली तरी माझं काही म्हणणं नाही. त्याला फसवून शाळा नको.

ठराव या महिन्याच्या पंधरा तारखेला पुढे जाणार आहे. त्याआधी तुम्ही म्हणालात तर मी जाऊन सगळ्यांसमोर माझी चूक सांगेन आणि हवा असेल तर खरा इस्तीफाही देईन. विनायककाका समितीत आहेत, त्यामुळे इस्तीफ्याने समिती मोडणार नाही, पण नुसती चूक सांगितली तरी तुमचा होकार नाही एवढं कळेल आणि ठराव अडेल. दुसरा कोरा कागद अजून कुलपात आहे.

माझ्यावर रागावा. विनायककाकांवर नको.

रसिका


पुणे
८ डिसेंबर २०२५

चि. रसिका,

हे पत्र तुझ्या नावाने आहे, पण मुद्दाम विनायकच्या पत्त्यावर टाकतोय. पट्टी मारलेली नाही. डिंकही जेमतेम लावलाय.

तुझ्यावर रागावलो नाही. इतकी वर्षं फरीदाबादला राहून राजीनाम्याचा हा अर्थ मलाही ठाऊक नव्हता, मला तिथे शब्द ऐकू येतात कुठे! तू लिहिलंस ते मी पुन्हा वाचलं. इतक्या वर्षांत माझ्या सहीखाली, म्हणजे वर, इतका मोठेपणा कोणी लिहिला नव्हता. वैभवीने तो मजकूर मोठ्याने वाचायला लावला, गजक खात. डबा संपला. चव बरी होती.

तू विचारलंस, खरा इस्तीफा द्यायचा का. नाही द्यायचा, आणि सहीही मागे घ्यायची नाही. त्यामागे माझा हिशेब आहे. मी समिती सोडली असती तर हरीशच्या मेहुण्याला रान मोकळं. तुझ्या हिंदीच्या कृपेने मी अजून समितीवर आहे, आणि आता मी कर भरणाराही आहे. असा माणूस बांधकामावर कोणाला नको असतो, म्हणून तर तो हवा. दुसरा कोरा कागद काढ. त्यावर लिही की शाळेच्या कामाच्या देखरेखीसाठी मुरलीधर पेंढारकर आणि विनायक सबनीस यांची नावं घ्यावीत. एकेक शब्द साधना मॅडमना दाखव. 'देखरेख' म्हणजे पलवलला भलतंच काही होत नाही ना, विचारून घे. पोच घे. शिक्के दोन चालतील.

बस, तुझं काम संपलं. यापुढचं तू वाचलं नाहीस तरी चालेल.

विनायका, तू हे उघडणार, मला माहीत होतं. माझ्या घरी आलेलं वर्तमानपत्रसुद्धा तू माझ्याआधी उघडतोस. आता वाचतोच आहेस तर नीट वाच.

इतके महिने मी तुझ्या शेजारी बसून त्या शाळेला नावं ठेवली आणि तू मान हलवलीस. मी आख्ख्या कॉलनीवर नजर ठेवून होतो, कोणाचा मेहुणा काय विकतो ते मला पाठ होतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते मात्र दिसलं नाही. श्रीरंगची नोकरी गेली आणि मी तुला कारंज्याबद्दल ऐकवत होतो. हे तू आधी सांगायला हवं होतंस, गाढवा. आणि तुला सांगता येईल असं मी ठेवायला हवं होतं.

शिवांगीला म्हणावं, आर्ट्स घ्यायचं तर आवडत असेल तरच घे. प्रयोगशाळेत काय काय लागतं ते तिच्या सरांना विचारून ठेव. हरीश काचेच्या नळ्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या खपवील. टाइल्स मी आल्यावर स्वतः नखाने खरवडून बघणार आहे, डॉक्टर काही म्हणोत.

आणि बाकाचं बघ. त्या कनाडावाल्याला माझ्या जागेवर बसू देऊ नकोस.

आता हे पाकीट पुन्हा नीट चिकटव आणि रसिकाला दे. तू उघडलंस, हे तिला कळता कामा नये.

मुरली